जुनी ॲल्युमिनियमची होडी: डागडुजी करावी, आतून नव्याने बांधावी, की नवीच घ्यावी?

अमेरिकेतल्या मिनेसोटात एप्रिलमध्ये तळ्यांवरचा बर्फ फुटला की रस्त्यालगतच्या अंगणांत ट्रेलरवर चढवलेल्या होड्या दिसू लागतात, पुढे ‘फॉर सेल’ची पाटी. बहुतेक चौदा ते सोळा फुटी, ॲल्युमिनियमच्या, १९६० ते १९९० च्या दरम्यान बांधलेल्या. होड्या बांधणाऱ्या कंपन्यांपैकी लुंड न्यूयॉर्क मिल्स गावची, ॲल्युमाक्राफ्ट सेंट पीटरची, क्रेस्टलायनर मूळची लिटल फॉल्सची; म्हणजे सगळी इथलीच नावं. इंडियाना-विस्कॉन्सिनकडच्या स्टारक्राफ्ट, सी निम्फ आणि मिरोक्राफ्टही भरपूर दिसतात. मेच्या मध्यावर वॉलाय या माशाचा हंगाम उघडतो आणि त्याआधी होडी पाण्यात हवी असते. मासेमारीची गोडी लागलेल्या इथल्या मराठी घरांतही मग दरवर्षी तोच प्रश्न निघतो: ही जुनी घेऊन दुरुस्त करायची, की सरळ नवी घ्यायची? कोकणात होडी म्हटली की लाकूड नाहीतर फायबर डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या होडीत काय बघायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगतो. पत्र्यावरचे पोचे आणि उडालेला रंग बघून निर्णय करू नका. ॲल्युमिनियम सोडून होडीत जे काही आहे ते बघा: लाकूड, फोम, रिव्हेट (पत्रे जोडणारे, ठोकून बसवलेले धातूचे खिळे), इंजिन, ट्रेलर आणि कागद. पैसा आणि शनिवार-रविवार तिथेच जातात.

पत्रा टिकतो, आतलं कुजतं

दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडण्याचं मोठं कसब अमेरिकेत तयार झालं. युद्ध संपल्यावर ते होड्यांकडे वळलं. विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) काढल्या, आणि इकडच्या कारखान्यांनी मासेमारीच्या होड्या. गोड्या पाण्यात या पत्र्याला फारसं काही होत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. खाऱ्या पाण्यात वापरलेली होडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टीलच्या आणि पितळेच्या फिटिंगभोवती पत्रा खाल्ला जातो. म्हणून होडी कुठे वापरली होती हे आधी विचारा.

कुजतं ते ट्रान्सममधलं प्लायवूड, म्हणजे मागच्या बाजूची ती फळी जिच्यावर इंजिन लटकतं. त्यापाठोपाठ फ्लोअर आणि फ्लोअरखालचा फोम. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन वर टिल्ट करा, त्याचं खालचं टोक धरून वरखाली दाबा आणि नजर ट्रान्समच्या वरच्या कडेवर ठेवा. फळी हलताना दिसली, किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळलं, तर लाकूड गेलेलं आहे. इंजिन नसेल तर हातोडीच्या मुठीने ठोका. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं भद्द वाजतं.

आता महत्त्वाचं. कुजलेला ट्रान्सम हे होडी नाकारायचं कारण नाही. ते भाव पाडून मागायचं कारण आहे, कारण ती फळी घरी बदलता येते. नाकारायचं ते तळाच्या मधोमध जाणाऱ्या फाटलेल्या कण्याला, ट्रान्समच्या खालच्या कोपऱ्यांतल्या लांब चिरांना, आणि फ्लोअरखाली पांढऱ्या पावडरीसह पडलेल्या खोल खड्ड्यांना.

तीन वाटा

पहिली वाट डागडुजीची. बाकं असलेली उघडी चौदा फुटी होडी, मागे बसून हाताने चालवायचं इंजिन. गळती थांबवायची, ट्रान्सम बदलायचा, वाटलं तर रंग द्यायचा, की झालं. खर्च शेकडो डॉलरांत राहतो आणि काम एका वसंतात उरकतं.

दुसरी वाट आतून नव्याने बांधण्याची. फ्लोअर उखडून फोम काढायचा, नवा भरायचा, नवं फ्लोअर, वायरिंग, खुर्च्या, लाइव्हवेल (पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकी). ही वाट बहुतेक सोळा फुटी, कन्सोल (स्टिअरिंगचा खांब) असलेल्या होडीसाठी असते. इथे खर्च हजारांत जातो आणि निम्मा उन्हाळा गॅरेजमध्ये जातो. विकताना त्यातला थोडाच परत मिळतो. ज्याला काम करायचीच आवड आहे आणि होडी आपल्या सोयीने मांडून हवी आहे त्याने जरूर करावं. पैसे वाचवण्यासाठी करणार असाल तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तिसरी वाट नव्या होडीची. नुसती चौदा फुटी उघडी होडी काही हजारांत मिळते, पण तिला ट्रेलर आणि नवं फोर-स्ट्रोक इंजिन जोडलं की आकडा बघता बघता पाच आकड्यांकडे सरकतो. त्या पैशांत वॉरंटी आणि पूर्ण हंगाम मिळतो. घरात लहान मुलं आहेत, वर्षाला मोजकेच दिवस मोकळे मिळतात आणि हत्यारांशी दोस्ती नाही, अशांनी मनात किंतु न ठेवता नवी घ्यावी, किंवा दुसऱ्या कुणीतरी जपून वापरलेली दहा-पंधरा वर्षांची होडी शोधावी. ही शेवटची निवड लोक विसरतात, आणि मला ती बऱ्याच जणांसाठी सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

पहिल्या दोन वाटांत एक सावधगिरी. चौदा फुटी व्ही-आकाराच्या उघड्या होडीवर पुढे उंच डेक बांधायचा मोह अनेकांना होतो, उभं राहून गळ टाकता यावा म्हणून. माणूस जितका उंच उभा राहील तितकी अरुंद होडी डुलते. शिवाय आत लावलेल्या पाटीवर माणसं, इंजिन आणि सामान मिळून जे वजन लिहिलेलं असतं, त्यातूनच तुमच्या डेकचं वजन वजा होतं. तीन माणसांची होडी दोघांची करून बसू नका. डेक हवाच असेल तर सपाट तळाची रुंद जॉन बोट घ्या.

गळती: सीलंट, रिव्हेट की वेल्डिंग?

जुनी रिव्हेटची होडी थोडी पाझरतेच. प्रश्न किती आणि कुठून एवढाच. ट्रेलरवर असतानाच ड्रेन प्लग लावून होडीच्या आत होजने पाणी सोडा आणि खाली आडवे होऊन बघा. जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल करा. पाणी तळाच्या रिव्हेटच्या जेमतेम वर येईल इतकंच भरा. एक गॅलन पाणी आठ पौंडांच्या वर भरतं. काठोकाठ भरलेली होडी ट्रेलरच्या फळ्यांवर वाकू शकते, कारण तिचा पत्रा बाहेरून आधार मिळेल या हिशोबाने बांधलेला असतो. काही रिव्हेट लगेच टपकतात, काही अर्ध्या तासाने ओलसर दिसू लागतात, म्हणून घाई करू नका.

सर्वांत स्वस्त उपाय सीलंटचा. आतल्या बाजूने रिव्हेट आणि जोड घासून, ॲसिटोनने पुसून, ग्लुव्हिटसारखं दोन भागांचं पातळ इपॉक्सी लावतात. ते फटीत झिरपतं आणि थोडं लवचीक राहतं. बारीक पाझर असेल तर हे पुरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पण रिव्हेट सैल होऊन हलत असेल तर कुठलंच सीलंट फार काळ धरत नाही. आणि दुकानातलं साधं सिलिकॉन अजिबात लावू नका. ते काही दिवसांत सुटतं, आणि त्याचा उरलेला थर दुसऱ्या कशालाही, रंगालासुद्धा, चिकटू देत नाही. तुम्ही बघताय त्या होडीत आधीच्या मालकाने सिलिकॉन थापलेलं असेल तर तासनतास खरवडायची तयारी ठेवा.

सैल रिव्हेटला खरा उपाय म्हणजे तो पुन्हा ठोकून आवळणं. हे काम दोघांचं आहे. एकाने आत बसून रिव्हेटच्या शेपटीवर पोलादाचा जड ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून त्याच्या डोक्यावर एअर हॅमरने किंवा हातोडीने ठोके द्यायचे. आत बसणाऱ्याला ठोकळ्यातून प्रत्येक ठोका मनगटात जाणवतो. सैल रिव्हेट आधी बोदा वाजतो, आणि आवळला गेला की आवाज एकदम कोरडा, चढा होतो. तो आवाज ऐकून थांबायचं, कारण त्यापुढे ठोकलं तर पत्रा ताणला जातो. दोघांनीही कानाला संरक्षण लावलंच पाहिजे. ॲल्युमिनियमच्या पोटात तो आवाज भयंकर घुमतो. शेजारी कोणी हौशी असेल तर पूर्ण तळ एका दुपारी होतो, आणि फुकटात. माझ्या मते डागडुजीतलं सर्वांत समाधान देणारं काम हेच.

ज्याचं डोकं झिजलं किंवा भोक मोठं झालं तो रिव्हेट ड्रिलने काढून किंचित मोठा भरीव रिव्हेट घालावा. आतून हात पोचत नसेल अशा ठिकाणी पॉप रिव्हेट वापरावा लागतो, पण बंद टोकाचा. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध भोक असतं, त्यातून पाणी आत येतं. दोन्ही प्रकारांत भोकात थोडं पॉलीयुरेथेन सीलंट, थ्रीएमचं ५२०० किंवा तत्सम, घालूनच रिव्हेट बसवा.

वेल्डिंगचं आकर्षण सगळ्यांना असतं: एकदा जोडलं की कायमचं. नव्या वेल्ड केलेल्या होडीला ते खरं आहे. जुन्या रिव्हेटच्या पातळ पत्र्यावर मात्र उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात, आणि जोडांत साचलेली घाण आणि ऑक्साइड वेल्ड नीट धरू देत नाही. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सियसला वितळतं, त्यावरच्या ऑक्साइडला दोन हजार अंशांच्या वर लागतात. म्हणून हे काम टीआयजी (बारीक वेल्डिंगचं) मशीन आणि सवयीचा हात असलेल्याचंच. चीर पडली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तिची वाढ थांबवा आणि वरून सीलंटसह ॲल्युमिनियमचं ठिगळ रिव्हेटने बसवा. दिसायला ओबडधोबड, पण भरवशाचं.

लाकूड: कुठलं, आणि कुठलं अजिबात नको

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: प्रेशर-ट्रीटेड लाकूड ॲल्युमिनियमला लावू नका. होम डेपोसारख्या बांधकाम-सामानाच्या दुकानात ते स्वस्त मिळतं, ‘कुजत नाही’ अशी त्याची ख्याती, आणि नेमकं म्हणूनच लोक ते ट्रान्सममध्ये घालतात. त्यात तांब्याची संयुगं असतात. तांबं, ॲल्युमिनियम आणि ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून आर्सेनिकवालं जुनं रसायन गेलं आणि त्याजागी आलेल्या रसायनांत तांबं अधिक आहे, म्हणजे धोका वाढलाच. लाकूड शाबूत आणि पत्रा चाळणी, अशी अवस्था काही वर्षांत होते, आणि पत्रा बदलता येत नाही.

मग मरीन प्लायवूड की साधं एक्सटीरियर? दोन्हींचा गोंद पाण्याला टिकणाराच असतो. फरक आतल्या थरांत आहे. एक्सटीरियरच्या आत पोकळ्या असतात, तिथे पाणी साठतं आणि स्क्रूला पकड मिळत नाही. मरीनमध्ये त्या नसतात, पण किंमत काही पटींनी जास्त. माझा हिशोब असा: ट्रान्समला मरीनच, कारण तिथे इंजिनाचा सगळा जोर येतो आणि लागतोही जेमतेम अर्धा शीट. पाऊण इंचाचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून दीड इंच जाडी करतात. जुनी फळी मोजून खात्री करा. फ्लोअरला चांगलं एक्सटीरियर चालतं, पण सगळ्या बाजूंनी, विशेषतः कडांना, इपॉक्सीचे दोन-तीन हात दिले तरच. बोल्टचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि मग त्यातून योग्य मापाचं पाडायचं, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. इपॉक्सी थंडीत नीट सुकत नाही. त्यामुळे जानेवारीत न तापवलेल्या गॅरेजमध्ये हे काम काढू नका. पारा पन्नास फॅरनहाइटच्या वर राहू लागला की करा.

फ्लोअरला ॲल्युमिनियमचाच पत्रा घालावा, तो हलका पडेल, असं बरेच जण सांगतात. मोजून बघा. चार बाय आठ फुटांचा, एक अष्टमांश इंच जाडीचा पत्रा सुमारे छप्पन्न पौंड भरतो. अर्ध्या इंचाचं कोरडं प्लायवूड त्याहून थोडं हलकंच असतं. पत्र्याचा खरा फायदा असा की तो पाणी पीत नाही, म्हणून दहा वर्षांनीही वजन तेवढंच राहतं. दीर्घकाळ ठेवायची होडी असेल आणि खिशाला झेपत असेल तर पत्रा. वर कार्पेट घालू नका, मरीन व्हिनाइल घाला. कार्पेट ओलं राहतं आणि गळ त्यात अडकतात.

फोम

फ्लोअरखालचा फोम होडी बुडू नये म्हणून असतो. एक घनफूट कोरडा फोम साठेक पौंड वजन तरंगवतो. तोच पाण्याने पूर्ण भिजला तर तेवढंच वजन वाढवतो. जुन्या सोळा फुटी होडीतून ओला फोम काढल्यावर तिचा पाण्यातला वेगच बदलतो.

नव्यासाठी दोन पर्याय. ओतायचं दोन भागांचं पॉलीयुरेथेन फुगून सगळी जागा भरतं, पेट्रोलने विरघळत नाही, पण एका दमात जास्त ओतलं तर पत्रा फुगवतं आणि तळाचा पाणी वाहायचा रस्ता बंद करतं. गुलाबी किंवा निळे एक्सपीएस (घट्ट फोमचे) बोर्ड कापून बसवायला सोपे, पुन्हा काढता येतात, खालून पाणी वाहतं. पण सांडलेल्या पेट्रोलने ते विरघळतात. माझी पसंती बोर्डांना, पेट्रोलच्या टाकीपासून दूर. पांढरा दाणेदार थर्माकोल मात्र नको. काढला तितका फोम परत भरलाच पाहिजे. १ ऑगस्ट १९७८ पासून बांधलेल्या, वीस फुटांहून लहान आणि दोन हॉर्सपॉवरच्या वरच्या आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन लावलेल्या) होड्या पाण्याने भरल्यावरही आडव्या तरंगत राहाव्यात असा अमेरिकी तटरक्षक दलाचा नियम आहे. तो कारखान्यांसाठी असला तरी तुमच्या मुलांसाठीही तितकाच खरा आहे. त्याआधीच्या होडीत फोम बहुधा कमीच असतो; बाकांखाली वाढवा.

रंग

गरज नसेल तर देऊ नका. द्यायचा असेल तर जुना रंग ओलं पॉलिश पेपर मारून काढा, कारण १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर) चढवा. तांबं असलेला अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग ॲल्युमिनियमला कधीच नको, आणि दर फेरीनंतर ट्रेलरवर येणाऱ्या होडीला त्याची गरजही नाही.

इंजिन

होडीबरोबर बहुधा जुनं टू-स्ट्रोक जॉन्सन किंवा एव्हिनरूड मिळतं. ते बनवणारी ओएमसी २००० साली दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूड हे नाव २०२० मध्ये बंद झालं, तरी या इंजिनांचे सुटे भाग अजून सहज मिळतात. कॉम्प्रेशन मोजा: दोन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. खालच्या गिअरकेसचं तेल दुधाळ असेल तर आत पाणी जातंय. दोन्ही ठीक असेल तर नवा इंपेलर (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपातलं चक्र) घाला, कार्ब्युरेटर साफ करा आणि खुशाल वापरा. मिनेसोटात पंपांवर इथेनॉल नसलेलं नॉन-ऑक्सी पेट्रोल मिळतं, जुन्या इंजिनाला तेच घाला.

नवं ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक काही हजार डॉलरांना जातं. शांत चालतं, तेल मिसळावं लागत नाही, ट्रोलिंगला (गळ मागे ओढत हळू जाताना) संथ गतीत अडखळत नाही. पण ते जुन्यापेक्षा जड असतं आणि ते वजन त्याच ट्रान्समवर येतं. आधी ट्रान्सम, मग इंजिन, हा क्रम मोडू नका.

कागद आणि ट्रेलर

१ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या होडीच्या मागे उजव्या कोपऱ्यात बारा अक्षर-अंकांचा हल नंबर कोरलेला असतो. तो कागदावरच्या नंबरशी जुळवा. मिनेसोटात चौदा फुटीला टायटल (मालकीचा दाखला) लागत नाही, नोंदणी लागते. इतर राज्यांत मर्यादा वेगळी आहे, तेव्हा पैसे देण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा. ‘कागद हरवलेत, पण काही अडत नाही’ असं म्हणणाऱ्याकडून होडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

ट्रेलरची नोंदणी वेगळी असते. टायरच्या बाजूवर डीओटी कोडचे शेवटचे चार अंक वाचा: २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. रबर वरून चांगलं दिसलं तरी दहा वर्षांचा टायर हायवेवर नेऊ नका. चाक जॅकवर उचलून फिरवा. बेअरिंग खरखरलं तर नवं घाला, स्वस्त आहे. आणि घरी आणताना ड्रेन प्लग काढलेला असू द्या. झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात रस्त्यावर होडी नेताना प्लग काढून पाणी रिकामं केलेलं असणं कायद्याने सक्तीचं आहे. ओल्या फोमची होडी अशी कधी पुरती रिकामी होतच नाही; प्लग काढून नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू उचलल्यावर मागून बराच वेळ पाणी येत राहिलं, तर फ्लोअरखाली काय आहे ते तुम्हाला विक्रेत्याच्या अंगणातच कळेल.